परदेशी पैशाच्या प्रकल्पात पुन्हा नोकरी धरू का? (खानापूर)

खानापूरकरीण

नमस्कार मंडळी.

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटी बाजूची. बेळगावात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तीन वर्षं एका संस्थेत फील्डवर होते. संस्थेचं नाव इथं नको. काम म्हणजे वाड्यावस्त्यांवर फिरणं. नवी लग्नं झालेल्या मुली, पहिलटकरणी, आणि "पाळणा लांबवायचा हाय, पण घरात सांगायचं नाही" म्हणणाऱ्या बायका. पगार अमेरिकेच्या मदतीतून यायचा, मध्ये आणखी दोन संस्था.

२० जानेवारी २०२५ ला तिकडच्या अध्यक्षांनी परदेशी मदत ९० दिवस थांबवायचा हुकूम काढला. महिना संपायच्या आत आम्हाला फोन आला: उद्यापासून फील्डला जाऊ नका, रजिस्टरं जमा करा. मला वाटलं तीन महिन्यांनी परत सुरू होईल. १ जुलैला ती मदत वाटणारी अमेरिकेची सरकारी संस्था, यूएसएआयडीच गुंडाळली, जे काय उरलं ते त्यांच्या परराष्ट्र खात्यात गेलं.

त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. माझ्याकडं एक बाई होती, पदरात तीन मुलं. ती 'अंतरा' घ्यायची. पाळणा लांबवायला दर तीन महिन्यांनी घ्यायचं सरकारी इंजेक्शन आहे, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) फुकट मिळतं. नवऱ्याला ठाऊक नव्हतं, म्हणून कार्ड ती घरी ठेवत नव्हती. ते माझ्या पिशवीत असायचं. तारीख मी लक्षात ठेवायची, आदल्या दिवशी तिच्या दारात जाऊन म्हणायचं, "उद्या रेशनला जाऊया गे." एवढ्यावर ती समजायची. तिची पुढची तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होती. मला "सगळं जमा करा" असं सांगितलं होतं, मी रजिस्टरासोबत तिचं कार्डही जमा केलं.

दिवाळीच्या आधी ती मला खानापूर स्टँडवर भेटली. पाचवा महिना. रागावली नाही. "तू आलीच नाहीस न्हवं," एवढंच म्हणाली आणि बसमध्ये चढली.

औषध सरकारचं होतं, दवाखाना सरकारचा होता. परदेशी पैशाचे होते ते फक्त माझे पाय.

आता दुसरीकडून बोलावणं आलंय. बाळंतपणातल्या रक्तस्रावावरचा अभ्यास आहे, पैसा परत बाहेरचाच, काम दीड वर्षाचं. गरोदर बायकांना अभ्यास समजावून सांगायचा आणि त्यांची संमती घ्यायची. अण्णा म्हणतात, आपल्या बायकांवर प्रयोग करणार आणि तू त्यात दलाली करणार. देवळाच्या पारावरही तेच चाललंय, की हा सगळा आपली माणसं कमी करायचा डाव आहे. मला त्यांना उत्तर देता येत नाही, कारण त्या बाईचं तोंड डोळ्यासमोर येतं. असला पैसा नसलेला बरा, की मिळेल तेवढा घेऊन काम करावं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

चिकोडीचा मास्तर

ताई, तुमच्या अण्णांना अडाणी समजू नका. त्यांच्या भीतीला कारण आहे.

माझे वडील चिकोडी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९७६ साली त्यांना नसबंदीच्या ऑपरेशनच्या 'केसेस' आणायचा आकडा दिला होता. आकडा पुरा होईना, पगार अडला. तीन महिने वाट बघून त्यांनी स्वतःचंच नाव दिलं. मी तेव्हा चार वर्षांचा, एकुलता एक. आईला मुलगी हवी होती. तिनं या विषयावर शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही, पण गौरी आणायच्या दिवशी दुसऱ्यांच्या पोरी बोलावून त्यांना बांगड्या भरायची.

त्या एका वर्षात, १९७६-७७ मध्ये, देशात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या. बोट दिल्लीकडं दाखवतात आणि ते बरोबरच आहे. पण दाब त्याच्या दहा वर्षं आधीपासून बाहेरूनही होता. १९६५ ला लूप, म्हणजे पाळणा लांबवायला गर्भाशयात बसवायचं साधन, आला, अमेरिकेतल्या संस्थांच्या पाठबळानं. शिबिरं भरवून बसवला, नंतर कुणाला रक्त जायला लागलं तर बघायला कोण नाही. दुष्काळाच्या दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन भारताला गहू थोडा थोडा करून सोडत होते, आणि लोकसंख्येचं काय करताय, हा प्रश्न त्या गव्हासोबत येत होता. १९७३ पासून वर्ल्ड बँक आणि स्वीडनचा पैसा कर्नाटकातल्या लोकसंख्या प्रकल्पाला आला. त्यातून इमारती उभ्या राहिल्या, हेही खरं. पण प्रकल्पाचं नावच बघा, 'लोकसंख्या'. त्यात बाई कुठं आहे?

१९९४ ला कैरोच्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं की माणसं मोजणं हे ध्येय नव्हे, बाईचं आरोग्य आणि तिचा निर्णय हे आधी. १९९६ ला आपल्या सरकारनं टार्गेट काढून टाकलं. कागदावरून तरी.

नोकरी घ्या किंवा घेऊ नका, तो तुमचा निर्णय. पण ज्या दिवशी वरचा माणूस विचारील, "या महिन्यात किती सह्या आणल्या?", त्या दिवशी सावध व्हा. ज्याचा पैसा त्याचा आकडा असतो.

निवृत्त सिस्टर, बेळगाव

पोरी, मी ३४ वर्षं एएनएम होते. कानडीत आमच्या हुद्द्याला 'किरिय आरोग्य सहायकी' म्हणतात, गावात नर्सबाई. तुझ्या अण्णांना ज्या प्रयोगाची भीती वाटते तसल्याच एका प्रयोगात मी होते, आपल्याच जिल्ह्यात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२००२ ते २००५ ची गोष्ट. तेव्हा आमच्या भागात बाळंतपणं घरी व्हायची, फार तर सब सेंटरच्या खाटेवर. वार पडल्यावर रक्त थांबेना झालं की आमच्या हातात काय? पोट चोळायचं, बाळ छातीला लावायचं आणि जीप शोधायची. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घरी द्यायची आम्हाला परवानगी नव्हती, आणि ते थंडाव्यात ठेवावं लागतं. ज्या सब सेंटरला लाईट नाही तिथं फ्रिज कुठला? मिसोप्रोस्टॉल ही गोळी. फ्रिज नको, सुई नको. बाळ आलं की तोंडानं द्यायची.

ती घरच्या बाळंतपणात नर्सबाईच्या हातून दिली तर रक्तस्राव कमी होतो का, हा प्रश्न होता. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं अमेरिकेतल्या विद्यापीठासोबत तो अभ्यास केला. पैसा मुख्यतः अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा. १६२० बायका. निम्म्यांना २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या, निम्म्यांना दिसायला तशाच तीन, पण त्यात औषध नाही. पाकिटावर फक्त नंबर. कुणाला काय मिळालं हे बाईला ठाऊक नाही आणि मलाही नाही.

आणि एक प्लास्टिक होतं. बाळ बाहेर आलं की बाईच्या कमरेखाली ते सरकवायचं. पुढं नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा. हे ऐकायला साधं वाटतं. पण त्याच्या आधी आम्ही रक्त कसं मोजत होतो, सांगू? "दोन लुगडी भिजली." "गोणपाट भिजलं." शेणानं सारवलेली जमीन रक्त पिऊन टाकते, दिव्याच्या उजेडात कळतच नाही किती गेलं. ते मापाचं प्लास्टिक याच अभ्यासासाठी तयार केलेलं.

एक रात्र सांगते. आषाढ होता, वाडीला जायचा ओढा भरलेला. आत कंदील, सासू आणि म्हातारी सुईण. दुसरं बाळंतपण, मुलगा झाला. मी पाकीट फोडून तीन गोळ्या दिल्या, प्लास्टिक सरकवलं, वार पूर्ण पडली. मग बघत बसले. ३०० ची रेघ बुडाली. मी पोट चोळत होते, गर्भाची पिशवी हातात घट्ट लागत नव्हती, लोण्याच्या गोळ्यासारखी मऊ. ४००. कंदील खाली धरायला सांगितला. सासू म्हणाली, "एवढं जातंयच की बाळंतपणात, आमाला बी जात हुतं." आणि खरं सांगते, तिचं बोलणं मला पटत होतं. मी पण इतकी बाळंतपणं बघितलेली, तेवढं नेहमीचंच वाटलं असतं. पण ५०० ची रेघ तांबडी झाली, आणि ५०० ला काय करायचं हे ठरलेलं होतं. तिथं वाद नाही. दिराला जीप आणायला पाठवलं, ओढ्यापर्यंत तिला खाटेवर उचलून नेलं, मी सोबत, एक हात पोटावर.

ती वाचली. आजही बाजारात भेटते. तो मुलगा गोव्याला कामाला आहे. "सिस्टर, तुमच्या गोळीनं वाचले," म्हणते. आणि मला आजतागायत ठाऊक नाही की तिला दिलेल्या गोळ्यांत औषध होतं की नव्हतं. नंबर मी वहीत लिहिला आणि वही बेळगावला गेली.

तुझ्या अण्णांना हे सांग, लपवू नको. हो, तो प्रयोग होता. निम्म्या बायकांना औषध नसलेली गोळी मिळाली. पण त्या वेळी घरी बाळंत होणाऱ्या बाईला तसंही काहीच मिळत नव्हतं, आणि त्या अभ्यासातल्या प्रत्येक बाईपाशी रात्रभर एक नर्स बसलेली होती, हातात रेघांची पिशवी घेऊन.

निकाल २००६ ला 'लॅन्सेट' मासिकात आला. औषध नसलेल्या गटात शंभरात १२ जणींना जास्त रक्तस्राव, औषधाच्या गटात ६.४. अगदी जोराचा रक्तस्राव १.२ वरून ०.२ वर. दर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो. काहींना थंडी वाजली, थोडा ताप आला, तो उतरला. २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली. आणि ती रेघांची पिशवी? २०२३ ला केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० दवाखान्यांतला मोठा अभ्यास आला. तसल्याच मापाच्या पिशवीनं रक्त मोजायचं आणि रेघ ओलांडली की सगळे उपचार एकदम द्यायचे. जोराचा रक्तस्राव, त्यापायी करावं लागणारं ऑपरेशन किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. ही बातमी माझ्या पुतणीनं मोबाईलवर वाचून दाखवली तेव्हा मी उठून देवापाशी दिवा लावला.

आता माझं दुखणं सांगते.

अभ्यास संपला, उरलेली पाकिटं जमा केली. काही दिवसांतच एका वाडीवरून निरोप आला, मी निघाले, आणि वाटेत लक्षात आलं की पिशवीत काहीच नाही. ना गोळी, ना रेघांचं प्लास्टिक. परत गोणपाट. निकाल यायचा होता, मग मंजुरी, मग पुरवठा. ज्या गावांतल्या बायकांनी जगाला दाखवलं की ही गोळी चालते, त्याच गावांना ती नेमानं मिळायला वर्षं गेली. मी दोनदा वर लिहून दिलं. उत्तर आलं नाही.

त्यात या गोळीचं आणखी एक अवघड आहे. दिवस गेलेले पाडायलाही तीच वापरतात, म्हणून कपाटात कुलपाखाली. आपल्याकडं १९७१ चा कायदा आहे, ठरलेल्या मुदतीत मान्यता असलेल्या डॉक्टरकडं गर्भपात करून घेणं कायदेशीर आहे, २०२१ ला तर मुदत वाढवली. पण अमेरिकेचा एक नियम आहे १९८४ पासूनचा. त्यांचे कुटुंबनियोजनाचे पैसे घेणाऱ्या परदेशी संस्थेनं गर्भपात करायचा नाही, त्याची वाट दाखवायची नाही, स्वतःच्या दुसऱ्या पैशातूनसुद्धा नाही. एक पक्ष आला की लागू, दुसरा आला की रद्द. १९९३ ला उठला, २००१ ला आला, २००९ ला उठला, २०१७ ला आला तो आधीपेक्षा कडक होऊन, २०२१ ला उठला, आणि २४ जानेवारी २०२५ ला परत आला. आपल्या देशात कायदेशीर असलेली गोष्ट आपल्या बाईला सांगायची की नाही, हे वॉशिंग्टनला कोण निवडून आलं त्यावर ठरणार. मास्तर, तुमचा 'आकडा' आणि हे 'तोंड बंद', मला दोन्ही एकाच घरातली वाटतात.

तरी मी तुला सांगीन, नोकरी घे. गावातली पोरगी त्या कामात नसली तर बाहेरचं कुणी येईल आणि अंगठे घेऊन जाईल. पण आधी विचार: संमतीचा कागद मराठीत आहे का? अभ्यासातून काही चांगलं निघालं तर ते इथल्या सब सेंटरला मिळेल असं कुणी लिहून दिलंय का? आणि यावेळी कुणाचं कार्ड तुझ्या पिशवीत ठेवू नको. ते गावातल्या आशा कार्यकर्तीकडं. रागावून म्हणत नाही, मी पण पाकिटं जमा केलीच होती.

त्या बाईचं थायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड, निघालंय का ते बघ. चौथं बाळंतपण आहे, गर्भाची पिशवी सैल पडायची भीती जास्त असते. घरी होऊ देऊ नको.

हुक्केरी आशा

खानापूरच्या ताई, तुमचे पाय परदेशी पैशाचे होते म्हणालात, वाईट वाटलं. पण आमचे पाय कुणाचे? जानेवारी २०२५ मध्ये, तुमचं काम बंद पडलं त्याच महिन्यात, आम्ही आशा थंडीत बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कला बसलो होतो. महिन्याला ठरावीक १५ हजार द्या ही मागणी. १० हजारांचं आश्वासन घेऊन परतलो.

कार्ड आमच्याकडं द्या हे सिस्टरांचं बरोबर आहे. पण आमच्यापाशी लसीकरण आहे, गरोदर बायका आहेत, टीबीच्या गोळ्या आहेत, सर्वे आहेत, मोबाईलमध्ये भरायचं आहे. नवऱ्याला न सांगता इंजेक्शन घेणारीच्या दारात आदल्या दिवशी जाऊन रेशनचं निमित्त काढायला वेळ पाहिजे. तुमच्या प्रकल्पाला तो वेळ विकत घेता येत होता. सरकारनं तो विकत घेतला असता तर तुमची वाट कुणी बघत बसलं नसतं.

निपाणीतून

मास्तरांचं 'ज्याचा पैसा त्याचा आकडा' अर्धं मान्य आहे. उरलेलं अर्धं सांगतो.

मी २००४ पासून सात-आठ वर्षं एचआयव्हीच्या कामात होतो. गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' कार्यक्रम, २००३ ला सहा राज्यांत सुरू झाला, त्यात कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही. आमचं काम देवदासी बायका आणि धंदा करणाऱ्या बायकांसोबत. देवदासी सोडायला बंदी करणारा कायदा कर्नाटकात १९८२ चा आहे, पण ज्यांच्या गळ्यात दर्शन-मोती आधीच होते त्यांचं पुढं काय, हे कुणी विचारत नव्हतं. आकडे आम्हालाही होते, महिन्याला किती निरोध, किती तपासण्या. रात्री बसून तक्ते भरायचो.

पण एक खोली होती. भाड्याची, पत्र्याची, स्टँडपासून जवळ. आत चटया, आरसा, एक फॅन, पाण्याची घागर, आणि दार आतून लावता येत होतं. दुपारी बायका येऊन तिथं नुसत्या झोपायच्या. एक म्हणाली होती, "हितं मला कोण उठवत नाही." त्या खोलीचं भाडं आपल्याकडच्या कुठल्या पंचायतीनं दिलं असतं? कुठल्या मंडळानं वर्गणी काढली असती? ज्या बायकांसाठी गाव पैसा काढत नाही, त्यांच्यासाठी तो लांबूनच आला. हे मला कबूल करावं लागतं, आणि गावाचा माणूस म्हणून ते बोचतं.

बाहेरच्या पैशाला नाही म्हणता येतं, हेही आपल्या शेजारीच घडलंय. अमेरिकेनं २००३ च्या एड्सच्या कायद्यात अट घातली, की पैसा हवा तर संस्थेनं वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं लेखी धोरण द्यावं. ज्या बायकांच्या जिवावर काम उभं आहे त्यांच्याच विरोधात लिहून द्यायचं. सांगलीच्या 'संग्राम' संस्थेनं २००५ मध्ये ते नाकारलं आणि पैसा सोडला. त्यांचं काम आपल्या निपाणीपर्यंत होतं. त्या वेळी आमच्या ऑफिसात यावर खूप वाद झाले. मी म्हणायचो, पैसा घ्यावा, कागदाला कोण विचारतो. आज मी तसं म्हणणार नाही.

अजून एक. 'आवाहन' एका फोनवर बंद झालं नाही. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाकडं ते टप्प्याटप्प्यानं सोपवलं, त्याला काही वर्षं घेतली. आमचे पगार घटले, ती खोली गेली, याचं मला दुःख आहे. पण तपासण्या थांबल्या नाहीत, औषधं थांबली नाहीत. तुमच्याकडं आठवड्यात सगळं बंद झालं. म्हणून मुलाखतीत पैसा कुणाचा हे विचाराल तेव्हा हेही विचारा, की जाताना कसे जाणार आहात?

खानापूरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हे परत परत वाचत होते. सिस्टरांची ती रात्र अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण मध्ये उठून गेलेही नाहीत.

त्या बाईचं थायी कार्ड निघालंय, आशाताईंनी काढलं. मी घरी जाऊन आले. नवरा समोर होता म्हणून फार बोलता आलं नाही. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नाव घालायचं ठरलंय. आठव्या महिन्यापासून ती माहेरी राहील, तिथून रस्ता जवळ आहे.

मुलाखतीला गेले होते. संमतीचा कागद कानडीत आणि इंग्रजीत आहे. मराठी 'होणार आहे' म्हणाले. मी म्हटलं, माझ्या हद्दीतल्या निम्म्याहून जास्त बायका घरात मराठी बोलतात, कानडी सही करतील पण समजून नाही. मग ते म्हणाले, तुम्हीच करून द्या, एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घेऊ. हे बरं झालं. औषध नंतर गावात राहणार का, याला 'निकालावर अवलंबून' असं उत्तर मिळालं. जाताना कसे जाणार, याला उत्तरच नव्हतं. समोरच्या मॅडमनी प्रश्न वहीत लिहून घेतला आणि मी बघत असताना त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. किती सह्या आणायच्या हा आकडा मला दिलेला नाही. मास्तर, दिला तर पहिल्यांदा तुम्हाला सांगीन.

नोकरी धरलीय. येत्या सोमवारपासून.

आता सिस्टर, मला तुमची मदत पाहिजे. कागद मराठीत करायला बसले आणि दुसऱ्याच पानावर अडले. यात दोन गट आहेत. दोन्ही गटांना नेहमीचं औषध मिळणारच. एका गटाला त्यासोबत नवी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली. कोण कुठल्या गटात हे डॉक्टर ठरवत नाही, कॉम्प्युटर ठरवतो. इंग्रजी कागदात 'रँडम' आहे. डिक्शनरीत 'यादृच्छिक' मिळालं, पण ते माझ्या आईलाही कळलं नाही. म्हणून मी लिहिलंय, "देवाला कौल लावतात तसं तुमचा गट ठरेल." आईला लगेच समजलं. हे चालेल ना? आणि त्या दुसऱ्या गोळीला तुम्ही काय म्हणत होता?

निवृत्त सिस्टर, बेळगाव

आईला लगेच समजलं म्हणतेस, त्याचीच मला काळजी वाटते. कौल लिहू नको. आपल्याकडं माऊलीच्या देवळात कौल लावला आणि देवीनं उजवा दिला की पुढं बोलणं संपलं. देवीनं दिलेल्याला बाई नाही कशी म्हणेल? तुझ्या कागदावर खाली एक ओळ असणार, "तुम्ही कधीही अभ्यासातून बाहेर पडू शकता, तुमच्या उपचारात फरक पडणार नाही." वर कौल लिहिलास तर ती ओळ वाया गेली.

चिठ्ठी लिही. भिशीची चिठ्ठी आपल्या बायका दर महिन्याला उचलतात. कुणाचंही नाव येऊ शकतं, त्यात कुणाची मर्जी नाही, आणि नको असेल तर पुढच्या भिशीत भाग घेतला नाही तरी चालतं, हे त्यांना ठाऊक आहे.

गोळीला मी 'खोटी गोळी' म्हणायचे. एका पोरीनं विचारलं, "सिस्टर, म्हणजे मला फसवणार काय?" मी तिथंच गप्प झाले. त्यानंतर "औषध नसलेली गोळी" एवढंच म्हणायला लागले. लांब आहे, पण तसंच लिही. आणि ती दिसायला सारखी का ठेवली हेही एका वाक्यात सांग, नाहीतर सासवा विचारतातच.

रविवारी दुपारी कागद घेऊन ये. आमच्या शेजारची सून सात महिन्यांची आहे, सातवीपर्यंत शिकलेली. तिला बसवून मोठ्यानं वाचू, मग कागद बाजूला ठेवू आणि तिलाच सांगायला लावू, काय समजलं ते. जिथं ती अडखळेल तिथं पेन्सिलनं खूण कर. येताना पेन्सिल आण, माझ्याकडं नाही.